लेंड्या, तूस आणि अण्णांचे रविवार

रुग्ण आपली खरी शंका कधी विचारतो, हे इतक्या वर्षांच्या दवाखान्याने मला शिकवले आहे. तपासणी चालू असताना ती विचारली जात नाही. चिठ्ठी हातात घेऊन, उठून, दाराशी पोहोचल्यावर विचारली जाते. मागच्या महिन्यात गुडघेदुखीसाठी आलेल्या एका आजींनीही तसेच केले. मुलाचा हात धरून त्या दारापर्यंत गेल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, हसू नका हं. नातवाने दोन ससे आणलेत. त्यांच्या लेंड्या आणि खालचा भुसा रोज टोपलीभर निघतो. टाकून द्यायला जीव होत नाही. झाडांना घातला तर चालेल का? सून म्हणते, रोगराई होईल.”

मी हसले नाही. याच प्रश्नाचे उत्तर मी एकदा माझ्या स्वतःच्या घरात दिले होते, आणि ते चुकले होते. ते कसे चुकले, हे सांगितल्यावाचून योग्य उत्तर सांगण्याचा मला अधिकार नाही, असे वाटते. म्हणून, वाचकहो, आधी थोडे घरचे सांगते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझ्या सासूबाई गेल्या. सासऱ्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. ते तेव्हा ७९ वर्षांचे होते. निफाड तालुक्यातल्या एका गावात त्यांचा जन्म गेला. शिक्षकी केली, पण हाडाचे शेतकरीच. निवृत्तीनंतर आमच्याकडे नाशिकला आले. वीस वर्षांचा मधुमेह सोडला तर प्रकृती ठणठणीत. सासूबाईंच्या मागे मात्र ते नुसते बसून राहू लागले. जेवायला हाक मारली की जेवत, वर्तमानपत्र हातात दिले की धरत. त्यांची साखर मी नियमित मोजत होते आणि ती उत्तम होती. ज्यांच्या घरी असा एखादा माणूस आहे, त्यांना मी काय म्हणते ते समजेल: आकडे सारे ठीक, आणि माणूस मात्र ठीक नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीत माझ्या मुलीने हट्ट करून सशांची जोडी आणली. ती तेव्हा आठवीत होती. अण्णा सुरुवातीला नाराजच होते. एके सकाळी मात्र ते पिंजऱ्यापाशी वाकून उभे दिसले. तळहातावर चार लेंड्या घेऊन त्यांनी त्या अंगठ्याने चुरडल्या, वास घेतला आणि म्हणाले, “अगं, हे तर लेंडीखतच आहे. घरात चालत आलंय आणि तुम्ही घंटागाडीत टाकता?” मग अंगणातल्या मरगळलेल्या मोगऱ्याकडे पाहून म्हणाले, “पुढच्या पावसाळ्यापर्यंत हा वर येईल.” सहा महिन्यांत त्यांच्या तोंडून भविष्यकाळातले ते पहिलेच वाक्य मी ऐकले. डॉक्टर म्हणून मी त्याची नोंद घ्यायला हवी होती. तेव्हा घेतली नाही.

लेंडीखत हा शब्द आपल्याकडे नवा नाही. शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांचे खत म्हणजे लेंडीखत. उन्हाळ्यात धनगरांचे कळप गावात आले की शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात. रात्रभर मेंढ्या रानात बसतात, लेंड्या आणि मूत्र मातीत मुरते; बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. अण्णांनी लहानपणी हे पाहिलेले. ससा मेंढीहून कितीतरी लहान असला तरी तोही पालाच खातो. त्याच्या लेंड्या कोरड्या, सुट्या आणि जवळजवळ बिनवासाच्या असतात. याचे एक गमतीचे कारण आहे. ससा आपल्या मऊ लेंड्या स्वतःच पुन्हा खातो, आणि दोनदा पचून उरलेले तेवढे आपल्या वाट्याला येते. पिंजऱ्याला वास मारतो तो लेंड्यांचा नव्हे, मूत्राचा. ताज्या लेंड्यांत नत्र दोन टक्क्यांच्या आसपास असते. शेणखताच्या मानाने हे पुष्कळ जास्त. गिनी पिगचे खतही याच जातकुळीचे.

आता पिंजऱ्यातल्या गादीविषयी. गादी म्हणजे जनावराखाली अंथरलेले तूस, भुसा किंवा वाळलेले गवत. कोंबडीपालनातला हा शब्द नाशिक जिल्ह्यात सर्वांच्या ओळखीचा आहे. आमच्याकडे घोटीच्या भातगिरणीतून आणलेले तूस असे. पुष्कळ लोक लेंड्या वेचून घेतात आणि गादी फेकून देतात. खरे तर मूत्राने भिजलेली गादी हा त्यातला अर्धा ऐवज आहे. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली आणि १९३१ साली पुस्तकरूपाने जगापुढे ठेवली, तिचा कणा हाच होता. शेतातला काडीकचरा आधी बैलांखाली अंथरायचा, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती खरवडून घ्यायची, आणि मग शेणाबरोबर हे सारे थरांनी रचून ओले ठेवायचे व अधूनमधून उलथायचे. साधारण तीन महिन्यांत खत तयार. जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ती गाजली. हॉवर्डसाहेबांचे नाव सर्वांना माहीत झाले, वाडांचे फारसे कोणी घेत नाही.

तुसात कर्ब भरपूर आणि नत्र नगण्य, तर मूत्रात नत्र भरपूर. कुजवणाऱ्या सूक्ष्म जीवांना दोन्ही लागतात. साधारण पंचवीस-तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असे प्रमाण त्यांना मानवते. नुसता कोरडा भुसा मातीत घातला तर तो कुजताना मातीतलेच नत्र ओढून घेतो आणि झाड पिवळे पडते. अण्णांना हे आकडे माहीत नव्हते, पण व्यवहार पाठ होता. अंगणाच्या कोपऱ्यात एक भोके पाडलेले पिंप, त्यात एक घमेले गादी, वर भाजीची देठे-साली, वर वाळका पाला, मग पाण्याचा हबका. महिन्याभरात ते पिंप आमच्या घरातले चौथे माणूस झाले. अण्णा सकाळी उठून आधी त्याची विचारपूस करत.

आणि इथे मी आडवी आले.

त्या वर्षी दवाखान्यात काय पाहिले ते आठवून पाहा. करोनातून उठलेले मधुमेही रुग्ण, साखर चढलेली, स्टिरॉइडे घेतलेली, आणि मग काळ्या बुरशीने काहींचा डोळा गेला, काहींचा जबडा, काहींचा जीव. ही म्युकरची बुरशी कुठे राहते? मातीत, कुजणाऱ्या पाल्यात, खतात. पुस्तकातले हे वाक्य मला पाठ होते. घरात ७९ वर्षांचा मधुमेही माणूस दोन्ही हात खतात घालून बसलेला पाहिला की माझ्या पोटात गोळा येई. जानेवारीत मी सांगून टाकले, “अण्णा, हे आजपासून बंद. तुमच्या वयाला आणि साखरेला हे झेपणारं नाही.” ते काही बोलले नाहीत. माझ्यावर रागावले की ते मला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणतात. त्या दिवशी तेही म्हणाले नाहीत. पिंप अंगणातून नाहीसे झाले. मला वाटले, विषय संपला.

आज विचार करता माझ्या त्या निर्णयातली चूक मला स्पष्ट दिसते. ती बुरशी आपल्या आजूबाजूला सदैव असते. ती घात करते तेव्हा साखर बेसुमार चढलेली असते किंवा औषधांनी प्रतिकारशक्ती खचलेली असते. अण्णांची साखर ताब्यात होती, त्यांना करोना झाला नव्हता, स्टिरॉइड नव्हते. त्यांना धोका अजिबात नव्हता असे नाही, पण मी घातलेली बंदी त्या धोक्याच्या मापाची नव्हती. माझ्या भीतीच्या मापाची होती. मातीतला खरा धोका वेगळाच होता, आणि माझे तिकडे लक्षच नव्हते.

२०२२ चा जुलै नाशिककरांना आठवत असेल. धो धो पाऊस. दुतोंड्या मारुतीकडे पाहून गोदावरीचा पूर मोजण्याचे ते दिवस. १० जुलैला आषाढी एकादशी होती, रविवार. संध्याकाळी अण्णांना हुडहुडी भरून ताप आला, कोरडा खोकला, अंग मोडून आलेले, थोडा दम. दिवसभराचा उपास, पावसाळी हवा, आजूबाजूला घरोघरी ताप. मी व्हायरल समजून औषध दिले. दोन दिवसांत बरे वाटले. २४ जुलैला पुन्हा तोच प्रकार. या वेळी छातीचा एक्स-रे काढला. खालच्या भागात पुसटसे धुके होते. न्यूमोनियाची सुरुवात समजून मी प्रतिजैविक सुरू केले. तिसऱ्या दिवशी ते अंगणात फिरू लागले, आणि मी मनाशी म्हटले, वेळेवर औषध पोहोचले. आपल्या औषधाला श्रेय देण्याची डॉक्टरांना फार घाई असते.

७ ऑगस्टच्या रात्री ऑक्सिमीटरवर ८८ आकडा दिसला. अण्णांना रुग्णालयात न्यावे लागले. प्राणवायू लावला, स्कॅन झाला. छातीविकारतज्ज्ञांनी पहाटे मला एकच प्रश्न विचारला: “मॅडम, हे घरी काय काम करतात?” मी म्हणाले, “काही नाही. पेपर वाचतात.”

सकाळी बाकड्यावर बसून मी तारखा जुळवत होते. १०, २४, ७. तिन्ही रविवार, बरोबर पंधरा-पंधरा दिवसांनी. रविवारी सकाळी मी दवाखान्यात असते. मुलगी शेजारी बसली होती, रडवेली. म्हणाली, “आई, रागावणार नसशील तर सांगते.”

पिंप गेले नव्हते. ते गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे होते. लेंड्या आजोबा-नात रोज गोळा करत. आणि पंधरा दिवसांनी एकदा, मी घरी नसताना, पिंजऱ्याची सारी गादी बदलत. तुसाचे पोते गच्चीवरच्या छोट्या खोलीत होते. त्या खोलीचा पत्रा पावसात गळत होता. पोते खालून भिजले, तुसाचे आणि गवताचे ढेकूळ झाले, त्यावर पांढरी-करडी बुरशी आली. अण्णा जुन्या पिढीचे. अर्धे पोते वाया कसे जाऊ द्यायचे? दार लावून, कारण बाहेर पाऊस आणि खाली शेजाऱ्यांचे डोळे, ते ढेकूळ हातांनी फोडून, झटकून, पसरून वाळवत. मुलगी म्हणाली, “धुळीने खोली पांढरी व्हायची.”

कुबट गवत, कुबट तूस यांच्या धुळीत बुरशीचे आणि काही विशिष्ट जिवाणूंचे असंख्य कण असतात. ते फुप्फुसात खोल गेले की काही माणसांच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध एक दाह उसळतो. हा संसर्ग नव्हे. म्हणून प्रतिजैविकाचा उपयोग नाही. लक्षणे लगेच दिसत नाहीत, चार ते आठ तासांनी दिसतात, म्हणजे सकाळी धूळ आणि संध्याकाळी थंडीताप. धूळ थांबली की एकदोन दिवसांत माणूस आपोआप सावरतो, आणि म्हणूनच डॉक्टर फसतो. इंग्रजी पुस्तकांत याला शेतकऱ्याचे फुप्फुस म्हणतात. हे पुन्हा पुन्हा होत राहिले तर फुप्फुस कायमचे राठ होते. अण्णांचे निदान तिसऱ्या खेपेला झाले हे नशीब. दहाव्या खेपेला झाले असते तर त्यांचे उरलेले आयुष्य प्राणवायूच्या नळीशी बांधले गेले असते.

छातीविकारतज्ज्ञांनी त्यांना काय सांगितले माहीत आहे? “आजोबा, खत बंद करू नका. धूळ बंद करा.” हे वाक्य मी जानेवारीत म्हणायला हवे होते. मी बंदी घातली नसती तर ते काम अंगणात, उघड्या हवेत, माझ्या डोळ्यांसमोर झाले असते, आणि त्या सकाळी “हे काय काम करतात” या प्रश्नाला मी खरे उत्तर दिले असते.

घरी आल्यावर आमचा तह झाला. अण्णांच्या अटी दोन: पिंप अंगणात परत यायचे, आणि मी त्यात नाक खुपसायचे नाही. (दुसरी मी पाळलेली नाही.) माझ्या अटी जरा जास्त होत्या, आणि त्या तुमच्याही उपयोगाच्या आहेत म्हणून सांगते.

पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट कोरडेपणाची. गादी कोरडी झाडायची नाही, झटकायची नाही, बंद खोलीत तर मुळीच नाही. पिंजरा साफ करण्याआधी झारीने किंवा फवाऱ्याने हलके पाणी मारायचे; धूळ बसते. ओली गादी घमेल्यात काढायची आणि सरळ पिंपात. काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. तोंडाला एन-९५ मास्क. करोनाने तो प्रत्येक घरात आणून ठेवलाच आहे. साधा रुमाल या बारीक धुळीला अडवत नाही. नवे तूस, भुसा, गवत पावसाळ्यात फळीवर, जमिनीपासून वर ठेवायचे. आणि एकदा कुबट वास आला की ते पोते वाचवायचे नाही. पाणी मारून ते सगळेच्या सगळे पिंपात गेले तरी चालेल, पण सशाखाली नको आणि माणसाच्या नाकाखाली तर नकोच. पिंप उलथतानाही आधी पाण्याचा हबका. ऑस्ट्रेलियात कुंड्यांच्या तयार मातीच्या पिशव्यांवर, उघडताना धूळ नाकात जाऊ देऊ नका, अशी सूचना छापलेली असते, कारण तिथे अशा मातीतल्या एका जिवाणूने न्यूमोनिया झाल्याची प्रकरणे नोंदली गेली आहेत.

ओल किती असावी, हे समजण्याची जुनी खूण आहे. मूठभर खत दाबले तर पिळलेल्या फडक्यासारखे लागावे. पाणी गळले तर जास्त, भुगा झाला तर कमी. आमच्या नाशिकच्या उन्हाळ्यात पिंप दोन दिवसांत कोरडे पडते, आणि हिवाळ्यात, निफाडचा पारा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येऊ लागला की कुजण्याचे काम जणू झोपी जाते. त्यामुळे ‘तीन महिने’ हा आकडा हिवाळ्यात चार-पाच होतो. घाई करू नये.

घाई न करण्याचे वैद्यकीय कारणही आहे. मोठ्या शेतावरचा ढीग आतून तापतो. पंचावन्न अंशांच्या वर काही दिवस राहिला तर त्यातले बहुतेक रोगजंतू मरतात. घरातले पिंप किंवा कुंडी आकाराने लहान, ती क्वचितच इतकी तापते. सशाच्या लेंड्यांत सहसा काही वाईट नसते, पण साल्मोनेलासारखे जंतू असूच शकत नाहीत असे नाही. तेव्हा उष्णतेचे काम आपण काळाकडून करून घ्यायचे. खत काळे, भुसभुशीत, पावसाच्या मातीसारख्या वासाचे झाले आणि त्यातले गवत ओळखू येईनासे झाले म्हणजे ते तयार. तूस मात्र चिवट असते. त्यात सिलिका फार, काही कण तसेच दिसतील, त्याने बिघडत नाही. सशाच्या लेंड्यांना ‘थंड खत’ म्हणतात, त्या न कुजवताही झाडाला घातल्या तर मुळे जळत नाहीत, हे खरे आहे. पण ते मोगऱ्याला, जास्वंदीला. कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा, गाजर अशा मातीला लागून येणाऱ्या आणि पुष्कळदा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या गोष्टींना कच्चे खत घालायचे नाही. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्चे खत घालणे आणि असे पीक काढणे यांत १२० दिवसांचे अंतर सांगितले आहे. आपल्या परसबागेलाही तो नियम लावायला हरकत नाही.

ससा आजारी असेल, त्याला औषधे चालू असतील, तर त्या दिवसांतली गादी पिंपात नको. पिंपाला झाकण हवे, भोकांना जाळी हवी. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, आणि उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पावसाळ्यात हा विचार ठेवावाच.

कुत्र्यामांजरांचे काय, असे तुम्ही विचारालच. तिथे माझे उत्तर साधे नाही: भाजीच्या खतात ते नकोच. मांस खाणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत जंतांची अंडी असतात, ती मातीत महिनोन्‌महिने टिकतात. मांजरीच्या विष्ठेतला टॉक्सोप्लाझ्मा गर्भवतीला आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला धोक्याचा; घरात दिवस गेलेली लेक-सून असेल तर मांजराचे रेतीचे भांडे तिने हाताळू नये, आणि शेजारचे मांजर तुमच्या खतात येऊन खड्डा करत असेल तर त्यावर जाळी टाकावी.

पक्ष्यांबाबत मी जास्तच कडक आहे. लव्हबर्ड, कबुतरे यांची विष्ठा वाळते, तिची बारीक पूड होते, पिसांची धूळ तिच्यात मिसळते, आणि अण्णांना जे तुसाने झाले तेच कबुतरांच्या धुळीने होते. दादरच्या कबुतरखान्याचा जो वाद २०२५ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्याच्या मुळाशी हाच फुप्फुसांचा मुद्दा होता. दमेकरी, वयस्क माणसाने पक्ष्यांच्या पिंजऱ्याचे खत करण्याच्या फंदात पडू नये. (आणि आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा तर कायद्याने गुन्हाच आहे, हे अजूनही अनेकांना सांगावे लागते.)

काही माणसांना मी सशाच्या खताच्याही जवळ जाऊ देत नाही. कर्करोगाची केमोथेरपी चालू असलेले, मूत्रपिंडारोपण झालेले, स्टिरॉइडचे मोठे डोस घेणारे, साखर तीनशे-चारशेवर खेळणारे. त्यांनी खुर्ची टाकून बसावे, सूचना द्याव्यात, उलथण्याचे काम दुसऱ्याने करावे. सूचना देण्यातही सुख असते, हे घरातल्या ज्येष्ठांना मी सांगायला नको.

उरली जखमेची गोष्ट. मधुमेह्याने बागेत अनवाणी जायचे नाही. पायाला संवेदना कमी असते, काटा रुततो आणि कळत नाही. अण्णांसाठी बंद बूट आणले, ते त्यांना मुळीच आवडले नाहीत. हातात रबरी मोजे. संध्याकाळी नात आजोबांचे तळपाय बघते, बोटांच्या बेचक्यांसकट. आणि धनुर्वात. त्याचे जिवाणू मातीत असतातच, शिवाय गवत खाणाऱ्या जनावरांच्या आतड्यांतही सुखाने राहतात. म्हणजे खत हे त्यांचे घरच. माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन भारताने २०१५ मध्ये साधले, याचा मला डॉक्टर म्हणून अभिमान आहे. पण ते यश आयांच्या आणि बाळांच्या लसीकरणाचे आहे. सत्तरीतल्या माणसाला शेवटची लस कधी मिळाली, हे बहुधा कोणी विचारत नाही. लशीचे संरक्षण कालांतराने ओसरते. दर १० वर्षांनी टीडीचा एक डोस घ्यावा. ती धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींची लस आहे. अण्णांना आठवत होती ती शेवटची सुई शाळेच्या छपरावरून खिळा लागला तेव्हाची. ते छप्पर पाडून नवी इमारत झाली, तिलाही तीस वर्षे झाली होती.

अण्णा आता ८४ वर्षांचे आहेत. तेव्हापासून त्यांना तो ताप आला नाही. मोगरा त्यांनी म्हटल्याप्रमाणे पुढच्या पावसाळ्यात नव्हे, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वर आला. या दिरंगाईचे खापर ते आजही माझ्यावर फोडतात. पहिल्या जोडीतला एक ससा गेला, त्याच्या जागी मुलीने दुसरा आणला. तिचे आता कॉलेज आहे, तरी गादी रविवारीच बदलतात. मी दवाखान्यात असते. फरक इतकाच की दुपारी घरी आल्यावर मला सगळा वृत्तांत सांगितला जातो, कधी कधी गरजेपेक्षा जास्त सविस्तर.

यातले थोडेफार मी त्या आजींना दाराशी उभ्या उभ्या सांगितले. मोगऱ्याला आज घाला, मेथीला तीन-चार महिन्यांनी, झाडताना पाणी मारा, मास्क लावा. “आणि तुळशीला?” त्यांनी हळूच विचारले. मी म्हटले, तयार झालेल्या खताला तुळशीची हरकत नसावी, तुमची असेल तर घालू नका. सुनेला काय सांगायचे तेही सांगितले. मग विचारले, “आजी, धनुर्वाताची सुई शेवटची कधी घेतली होती?”

त्यांनी क्षणभर विचार केला आणि हात धरून उभ्या असलेल्या मुलाकडे बोट दाखवले. “हा पोटात होता तेव्हा.”

मुलाच्या मिशा पांढऱ्या होत होत्या. मी त्यांना परत आत बोलावले आणि फ्रिज उघडला.